प्रेमाची उतरंड

२०२५ च्या जानेवारीअखेर अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी फॉक्स न्यूजवरच्या मुलाखतीत एक जुना धर्मविचार राजकारणाच्या चव्हाट्यावर आणला. माणसाने आधी आपल्या कुटुंबावर प्रेम करावे, मग शेजाऱ्यांवर, मग गावावर, मग देशबांधवांवर आणि त्यानंतर उरलेल्या जगाची चिंता वाहावी. हा खरा ख्रिस्ती विचार असून डाव्यांनी तो उलटा करून ठेवला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. टीका झाली तेव्हा ‘ऑर्डो अमोरिस’ गूगलवर शोधा, असा टोलाही त्यांनी लगावला. ऑर्डो अमोरिस म्हणजे प्रेमाची उतरंड. बेकायदा राहणाऱ्यांना मोठ्या संख्येने देशाबाहेर काढण्याची मोहीम तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि उपाध्यक्ष तिला धर्माचा टेकू देत होते. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहिले. व्हान्स यांचे नाव त्यांनी घेतले नाही, पण रोख कोणाकडे आहे हे सगळ्यांना कळले. प्रेम स्वतःपासून निघून वर्तुळावर्तुळाने बाहेर पसरत नसते, त्याचा खरा क्रम समजून घ्यायचा तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचे मनन करा, असा त्या पत्राचा आशय होता. व्हान्स २०१९ मध्ये कॅथलिक पंथात आलेले. म्हणजे पंथात येऊन सहा वर्षेही न झालेला राजकारणी आणि त्या पंथाचा सर्वोच्च धर्मगुरू यांच्यातला हा वाद होता. एरवी असला वाद सेमिनरीच्या भिंतींबाहेर येत नाही. या वेळी त्याच्या निकालावर लाखो लोकांचे घर टांगलेले होते.

या वादात पोपची बाजू घेणे सोपे आहे आणि बहुतेक उदारमतवाद्यांनी ती चटकन घेतलीही. मला ते पुरेसे वाटत नाही. उतरंडीचा विचार टाकाऊ नाही. स्वतःच्या मुलाच्या फीचे पैसे अनोळखी माणसाला वाटून टाकणाऱ्या बापाला कोणताही समाज संत म्हणणार नाही, बेजबाबदारच म्हणेल. तेव्हा व्हान्स यांचे गृहीतक सगळे मान्य करावे, प्रेमाला उतरंड असते हे धरून चालावे, आणि मग त्या उतरंडीवरून सीमेवरची सक्ती खरोखर सिद्ध होते का हे तपासावे. माझे म्हणणे असे की ती होत नाही. उलट ही उतरंड ज्यांनी रचली त्यांचे लेखन नीट वाचले तर ती सरकारच्याच अंगाशी येते.

संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती शिकवणुकीवर एक ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या पहिल्या भागात तो सांगतो की प्रेम सर्वांवर सारखेच करायचे आहे. पण सर्वांचे भले करणे एका माणसाला शक्य नसते, म्हणून काळ, स्थळ आणि परिस्थिती यांच्या योगाने जे आपल्या जवळ आले आहेत त्यांची काळजी आधी घ्यावी. यापुढचे त्याचे उदाहरण वाद घालणारे सहसा सांगत नाहीत. आपल्याकडे एखादी वस्तू जास्तीची आहे, ती एकालाच देता येण्यासारखी आहे आणि सारखेच गरजू असे दोघे समोर उभे आहेत. तर चिठ्ठी टाकून ठरवणे हाच न्याय, आणि कोण आपल्या जवळ आहे ही गोष्टदेखील तशीच एक चिठ्ठी समजावी, असे तो म्हणतो. म्हणजे ऑगस्टीनच्या लेखी जवळीक हा योगायोग आहे. जवळचा माणूस दूरच्यापेक्षा अधिक मोलाचा असतो, असे तो कुठेही म्हणत नाही. हात दोनच असल्यामुळे सुरुवात कुठून करायची एवढाच त्याचा प्रश्न आहे. नऊशे वर्षांनी टॉमस अक्वायनसने हा क्रम अधिक काटेकोरपणे मांडला: आईबाप, आप्त, सहनागरिक. पण त्यानेच एक अपवाद नोंदवून ठेवला. परका माणूस प्राणांतिक गरजेत असेल आणि स्वतःच्या बापाची गरज तितकी निकडीची नसेल, तर काही प्रसंगी परक्याला आधी मदत करावी. उतरंड आहे, पण गरजेच्या तीव्रतेनुसार ती हलते. गूगलवर शोधायला सांगणाऱ्याने हे पानही उघडायला हवे होते.

आता पोपच्या दाखल्याकडे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी ओलांडून जातात आणि यहुद्यांनी तुच्छ मानलेला शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, उतारशाळेचा खर्च स्वतःच्या खिशातून भरतो. ही गोष्ट दोन हजार वर्षे लोकांना हलवत आली आहे. तरी धोरणासाठी ती अपुरी आहे, हा आक्षेप मला खरा वाटतो. शोमरोन्याला रस्त्यात एक माणूस भेटला. रोज हजार भेटले असते तर? त्याने स्वतःचे पैसे दिले. सरकार देते ते करदात्यांचे, आणि त्यातले कित्येक स्वतःच हातावर पोट असलेले. मायकल वॉल्झर या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८३ साली मांडले की कोणाला सदस्य करून घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क नसेल तर समाज समाजच राहत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथही श्रीमंत राष्ट्रांवर परक्याचे स्वागत करण्याचे कर्तव्य घालतो ते ‘झेपेल तितके’ अशी मर्यादा घालूनच, आणि त्यावर कायदेशीर अटी लादण्याची मुभा सरकारला देतो. पोपच्या पत्रातही देशाला स्वतःचे संरक्षण करण्याचा अधिकार आहे हे मान्य केलेलेच आहे. (व्हॅटिकनलाच भिंत आहे, हा सीमामोहिमेचे प्रमुख टॉम होमन यांचा टोमणा त्यामुळे नेमक्या जागी लागला नाही. भिंत असू नये असे पोप म्हणत नव्हते.)

तेव्हा दार किती उघडायचे हा प्रश्न उतरंडीच्या हिशेबात बसतो. एका वर्षी किती निर्वासित घ्यावेत, किती व्हिसा द्यावेत, आधी कोणाच्या नोकरीचा विचार करावा, ही सगळी मदतीची वाटणी आहे आणि वाटणीत आपल्या माणसांना आधी वाढायला हरकत नाही. पण सीमेवरची सक्ती ही मदतीची वाटणी नसते. तिथे सरकार कोणाला काही द्यायचे नाकारून थांबत नाही. ते माणसाला पकडते, डांबते, बेड्या घालते, मुलापासून तोडते, वाळवंटाकडे वळवते. आणि इजा करण्याच्या बाबतीत उतरंड मूग गिळून बसते. माझे मूल मला शेजाऱ्याच्या मुलापेक्षा प्रिय आहे म्हणून माझ्या मुलाच्या ताटात आधी पडेल, हे बरोबर. म्हणून मला शेजाऱ्याच्या मुलाचा हात पिरगाळता येत नाही. मदत नातेसंबंधाप्रमाणे कमीजास्त होते. इजा न करण्याचे बंधन मात्र आप्ताला आणि अनोळख्याला सारखेच लागू असते. कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात ही रेघ फार नेमकी ओढली आहे. परक्याला कायमचा पाहुणा होण्याचा हक्क नाही, त्याला परत पाठवता येते. पण त्याचा नाश न होता ते करता येत असेल तरच. १९५१ च्या निर्वासित कराराने हीच अट कायद्यात आणली: जीविताला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तिथे माणसाला परत ढकलायचे नाही.

अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर ही रेघ कशी ओलांडली गेली याचा पुरावा सरकारच्याच कागदांत आहे. १९९३ साली एल पासोमध्ये आणि १९९४ साली सॅन डिएगोजवळ सीमादलाने शहरांलगतची नेहमीची वाट बंद केली. १९९४ च्या व्यूहरचनेत स्पष्ट अपेक्षा होती की रहदारी अधिक प्रतिकूल प्रदेशाकडे वळेल आणि तिथे दलाचे काम सोपे होईल. हा कारभार क्लिंटन यांच्या काळातला, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाचा. एकाच पक्षाच्या माथी खापर फोडता येणार नाही. लोक थांबले नाहीत, ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटातून जाऊ लागले. तिथल्या पिमा काउंटीत शवचिकित्सकाकडे येणारे स्थलांतरितांचे मृतदेह नव्वदच्या दशकात वर्षाला सरासरी दहा-पंधरा असत. २००० नंतर ही सरासरी दीडशेच्या घरात गेली. १९९८ ते २०२० या काळात संपूर्ण दक्षिण सीमेवर सात हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद खुद्द सीमादलाकडे आहे. हाडे सापडलीच नाहीत अशांचा यात समावेश नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: जीव धोक्यात घालून यायला त्यांना कोणी सांगितले? हा आक्षेप हलका नाही. वाट दाखवणारे कोयोटे हजारो डॉलर उकळतात आणि माणसाला मरायला सोडून देतात. भारतातून लोकांना ‘डंकी’ मार्गाने नेणारे एजंट त्याच जातकुळीचे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने हातापायांत बेड्या घालून अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्यांची फसवणूक करणाऱ्यांचा दोष कमी होत नाही, आणि जाणाऱ्याचा स्वतःचा वाटाही असतोच. पण नीतिशास्त्रात एक जुना भेद आहे आणि तोही अक्वायनसकडूनच आलेला: एखाद्या कृतीतून वाईट परिणाम नकळत किंवा नाइलाजाने होणे वेगळे आणि तो परिणाम हेच साधन असणे वेगळे. दारावर पहारा ठेवला आणि कोणी भिंतीवरून पडला, तर तो अपघात. वाळवंटाचा वापर वेगळा आहे. ते वाळवंट जीवघेणे नसते तर त्या योजनेत दमच उरला नसता. लोकांना जरब बसावी म्हणून तिला तिथल्या मरणाची गरज होती. २०१८ मध्ये मुलांना पालकांपासून वेगळे काढले गेले तेव्हा हे अधिकच उघड झाले. जरब बसावी म्हणून असा विचार चालू आहे, हे जॉन केली यांनी अंतर्गत सुरक्षा मंत्री असताना २०१७ मध्येच टीव्हीवर सांगितले होते. ट्रम्प यांच्या त्या पहिल्या कारकिर्दीत साडेचार हजारांहून अधिक मुले तुटली, आणि २०२४ च्या अखेरीसही त्यांतल्या हजारावर मुलांची पालकांशी पुन्हा भेट झाल्याची खात्री नव्हती. तिसऱ्याला धाक बसावा म्हणून मुलाला रडवणे, याला प्रेमाच्या कोणत्याही उतरंडीत जागा नाही. अगदी तळाच्या मडक्यातही नाही.

कायद्याचा आधार घेणारेही धर्मग्रंथच उघडतात. जून २०१८ मध्ये ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी इंडियानातल्या भाषणात पौलाच्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा हवाला दिला: सत्ता देवाने नेमलेली, म्हणून तिची आज्ञा पाळा. पळून आलेल्या गुलामांना परत करण्याच्या १८५० च्या कायद्याचे समर्थन करणाऱ्यांनीही हाच अध्याय वापरला होता, एवढे आठवले तरी त्या युक्तिवादाची किंमत कळते. शिवाय कायदा एकाच बाजूला उभा नाही. अमेरिकेच्या भूमीवर पोचलेल्या माणसाला, तो नाक्यावरून आलेला असो वा नसो, आश्रयासाठी अर्ज करू देणे हाही अमेरिकी कायदाच आहे. ॲरिझोनात दोन स्थलांतरितांना अन्न, पाणी आणि निवारा दिल्याबद्दल एका स्वयंसेवकावर गंभीर गुन्ह्याचा खटला भरला गेला होता. पहिल्या ज्युरीचे एकमत झाले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. कायद्याने शोमरोन्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि कायद्यानेच सोडवले.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप अजून बाकी आहे. इजा करू नका म्हणणे सोपे. पण सौम्य सीमा म्हणजे उघडी सीमा, आणि तिचा भार पडतो तो गरीब वस्त्यांवर. २०२२ पासून न्यूयॉर्क शहरात दोन लाखांहून अधिक स्थलांतरित आले. त्यांतले बरेच टेक्ससच्या गव्हर्नरांनी बसगाड्या भरून मुद्दाम धाडलेले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्या शहराची गत झाली, आणि स्थलांतरितांचे शहर म्हणून मिरवणाऱ्या न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट महापौरच २०२३ मध्ये म्हणाले की हा प्रश्न शहराला उद्ध्वस्त करील. आपल्या हितोपदेशातही या बाजूचा वकील आहे. ज्याचे कुळशील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये, असे कावळा हरणाला बजावतो. जगाला कुटुंब मानणारे ते प्रसिद्ध सुभाषित, जे आपण परिषदांत आणि फलकांवर अभिमानाने मिरवतो, त्या गोष्टीत एका लबाड कोल्ह्याच्या तोंडी येते, आणि त्यावर भुलणारे हरीण पुढे जाळ्यात अडकते. कावळ्याची सावधगिरी म्हणूनच मी नाकारत नाही. तपासणी असावी, संख्येला मर्यादा असावी, आश्रयाचे अर्ज वर्षानुवर्षे न रखडता महिन्यांत निकालात निघावेत आणि नाकारलेल्याला माणुसकीने परत पाठवावे. हे सगळे इजेशिवाय करता येते. त्याला न्यायाधीश लागतात, दुभाषी लागतात, पैसा लागतो. वाळवंट लागत नाही. आणि कोल्ह्याने कावळ्याला दिलेले उत्तरही विसरू नये: पहिल्या दिवशी तूसुद्धा या हरणाला अनोळखीच होतास. बोलणारा लबाड होता, मुद्दा खरा होता.

तो मुद्दा पुन्हा ऑगस्टीनच्या चिठ्ठीकडे नेतो. जवळचा कोण हे काळ आणि स्थळ ठरवतात, पासपोर्टावरचा शिक्का ठरवत नाही. मग शिकागोत वीस वर्षे राहून, भांडी घासून, मुलांना तिथल्याच शाळेत घालून म्हातारी होत चाललेली मेक्सिकन बाई अमेरिकनांच्या उतरंडीत कुठे बसते? प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजाने २०१७ साली बेकायदा राहणाऱ्या प्रौढांपैकी निम्म्यांचा मुक्काम पंधरा वर्षांपलीकडे गेला होता. लाखो अमेरिकी नागरिक मुलांचे आई किंवा बाप यांत आहेत. आणि हे लोक कायमचे राहिले याला सरकारच्या धोरणाचाही हात लागला. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी दाखवून दिले आहे की पूर्वी मेक्सिकन मजूर हंगामापुरते येत, कमावून परत जात. १९४२ ते १९६४ या काळात तर सरकारच त्यांना करारावर आणत होते. सीमा जशी कडक झाली तसे येणे महाग आणि जोखमीचे झाले. म्हणून एकदा आलेला परत जाईना, त्याने बायकापोरांनाच बोलावून घेतले. बाहेरच्यांना अडवायला घातलेल्या कुंपणाने आतल्यांना आतच कोंडले. त्यांच्या घामावर फळबागा, कत्तलखाने, बांधकामे चालली, त्यांच्याकडून कर घेतला, पेन्शनच्या फंडात त्यांचे पैसे जमा झाले आणि ते त्यांना कधी मिळणार नाहीत हे ठाऊक असूनही घेत राहिले. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर यांना ‘उरलेले जग’ म्हणणे ऑगस्टीनच्या मोजपट्टीत बसत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी का होईना, टेक्ससला सांगितले की कागदपत्रे नसलेल्या मुलांना सरकारी शाळेची दारे बंद करता येणार नाहीत. तो निकाल याच जाणिवेतून आलेला आहे.

हा गुन्ह्याला इनाम देण्याचा प्रकार झाला, अशी तक्रार होईल, आणि ती सगळ्यात पोटतिडकीने कोण करतो? रांगेत उभा असलेला. ग्रीन कार्डाची वाट पाहत दशके काढणाऱ्या भारतीय इंजिनिअरांत पुण्या-मुंबईची मराठी घरेही आहेत. सगळे कागद चोख ठेवूनही त्यांचा नंबर लागत नाही, तेव्हा ‘नियम मोडणाऱ्यांना माफी’ हे ऐकून त्यांचा संताप होणे समजण्यासारखे आहे. पण त्यांची रांग लांबली ती सीमा ओलांडणाऱ्यांमुळे नाही. कोणत्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातल्या सात टक्क्यांपेक्षा जास्त ग्रीन कार्डे नाहीत, या नियमाने ती लांबली आहे, आणि तो बदलण्याचे काम काँग्रेसचे आहे. माफीने आणखी लोक ओढले जातात, हा आक्षेप अधिक गंभीर. १९८६ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना वैध केले, आणि तरी २००७ पर्यंत बेकायदा राहणाऱ्यांची संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली, हे खरे आहे. मात्र त्या कायद्याचे दुसरे अंग होते बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकांना दंड करण्याचे, आणि ते जवळजवळ कागदावरच राहिले. मालकाला सोडून मजुराला धरणारी सक्ती चाळीस वर्षे अयशस्वी झाली. तिच्या अपयशाचा दोष माफीवर टाकता येत नाही. बाकी बहुतेक गुन्ह्यांना आणि दाव्यांना मुदतीचा कायदा लागतोच. ठरावीक वर्षे उलटली की राज्यसंस्था स्वतःचा हक्क सोडून देते, कारण तोवर माणसाचे आयुष्य त्या जागी रुजलेले असते.

अमेरिकेच्या कायद्यात अशा मुदतीची सोय मुळात आहे. १९२९ च्या नोंदणी कायद्याने ठरावीक तारखेच्या आधीपासून देशात राहणाऱ्या आणि चारित्र्य चांगले असलेल्या माणसाला, तो कसाही आलेला असला तरी, कायमचा रहिवासी होण्याची वाट दिली. ती तारीख काँग्रेसने चार वेळा पुढे आणली. शेवटची १९८६ मध्ये, आणि तेव्हा ठरलेली तारीख होती १ जानेवारी १९७२. ती आजही तीच आहे. प्रेमाच्या उतरंडीवर ज्यांचा खरोखर विश्वास आहे, त्या कॅथलिक उपाध्यक्षांनी आणि त्यांच्या पक्षाने आधी ही तारीख पुढे सरकवावी.